अनंत चतुर्दशीचे जेवण

वारणाकाठच्या त्या गावात अनंत चतुर्दशीला श्रावकांच्या घरी चूल पेटत नाही, असे म्हटले तरी चालेल. दशलक्षण पर्वाचा तो शेवटचा दिवस. पहाटेपासून बस्तीत पंचामृत अभिषेकाची गडबड असते. ज्यांना दहा दिवसांत एकही उपवास जमलेला नसतो, तेही या दिवशी पाण्याच्या थेंबाविना राहतात. शाळकरी पोरे एकमेकांना जीभ दाखवून ती कोरडी असल्याची खात्री करून घेतात. अशा गावात एक वयोवृद्ध श्रावक अभिषेक आटोपून, गंधोदक मस्तकी लावून घरी येत आणि साडेअकराच्या सुमारास पाटावर बसून शांतपणे जेवत. आमटी, भात, दोन चपात्या. रस्त्याकडचे दार त्या वेळी उघडेच असे. लपवायचे त्यांच्या मनात नव्हते.

हे श्रावक म्हणजे अण्णा. गेल्या पौषात, वयाच्या 85व्या वर्षी ते निवर्तले. गावात त्यांना कोणी कॅप्टनसाहेब म्हणत, कोणी मॅनेजरसाहेब. पाच वर्षे सैन्यात आणि 32 वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला दोन्ही नावे शोभत होती. बहुतेकांच्या तोंडी मात्र ‘अण्णा’ हेच नाव होते.

चतुर्दशीच्या त्या जेवणावरून कुजबुज होई, ती अण्णा आचाराने शिथिल होते म्हणून नव्हे. त्यांचा आचार इतका कडक होता की हे एक जेवण त्यात बसत नसे. वयाच्या पंधराव्या वर्षापासून त्यांना रात्रिभोजनाचा त्याग होता. 1955 साली आचार्य शांतिसागर महाराजांची 36 दिवसांची सल्लेखना कुंथलगिरीवर सुरू असताना आईबरोबर ते दर्शनाला गेले होते. त्या गर्दीत, दुरूनच, त्यांनी मनाशी हा नियम घेतला. पुढे तो सैन्यात पाळला, बँकेत पाळला. पाणी गाळून प्यायचे, कंदमूळ वर्ज्य, अष्टमीचा उपवास. दशलक्षणात रोज तत्त्वार्थसूत्राच्या एकेका अध्यायाचे वाचन होई, त्याला ते पहिल्या रांगेत असत. आणि दहावा दिवस उजाडला की हा माणूस जेवत असे! एका पंडितांनी एकदा न राहवून विचारले, “अण्णा, प्रकृतीचे काही कारण आहे का?” अण्णा म्हणाले, “प्रकृती उत्तम आहे. कारण जुने आहे.” एवढ्यावर तो विषय थांबला आणि पुढे कित्येक वर्षे तसाच राहिला.

अण्णांचे घर शेतकऱ्याचे. ऊस, भुईमूग, थोडी तंबाखू. कोल्हापूरच्या बोर्डिंगमध्ये राहून त्यांनी वाणिज्य शाखेची पदवी घेतली, त्याच वर्षी, 1962च्या ऑक्टोबरात, चीनचे आक्रमण झाले. देशात आणीबाणी जाहीर झाली. सैन्याला अधिकारी हवे होते आणि ते लवकर हवे होते. पदवीधर तरुणांना काही महिन्यांचे शिक्षण देऊन तात्पुरते कमिशन देण्याची योजना निघाली. त्यासाठी मद्रास आणि पुणे येथे प्रशिक्षण शाळा उघडल्या. अण्णांनी अर्ज केला तो घरी न सांगता. निवड झाल्याचे पत्र पोस्टमनने वडिलांच्या हाती दिले, तेव्हा घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोलले नाही. वडिलांचा राग मुलगा दूर जातो याचा होता. आईचे दुःख निराळे होते. “मुंगी चुकवून चालायला शिकवलं तुला,” एवढेच ती म्हणाली.

हा प्रश्न पुढे अण्णांना जन्मभर विचारला गेला. जैनाने सैन्यात जावे काय? समाजातल्या जाणत्यांना याचे उत्तर पाठ असते. गृहस्थाला घडणाऱ्या हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकाने पहिलीचा त्याग करायचा. उरलेल्या तीन संसारात राहणाऱ्याला सर्वस्वी टाळता येत नाहीत. त्या कमी करीत जायचे. आक्रमकाला अडवताना घडते ती विरोधी हिंसा. याला इतिहासाचाही आधार आहे. श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस घडवून घेणारे चामुंडराय हे गंग राजांचे सेनापती होते. त्याच मूर्तीच्या पायाशी मराठीतल्या अतिप्राचीन शिलालेखांपैकी एक शिलालेख आहे आणि त्यात त्यांचे नाव आहे. तेव्हा सेनापतीही उत्तम श्रावक असू शकतो, हे दक्षिणेतल्या जैनांना कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही.

अण्णा हे सारे ऐकून घेत, मानही डोलवीत. पण कोणी चामुंडरायांशी त्यांचे नाव जोडू लागला की म्हणत, “ते उदाहरण शत्रूच्या बाबतीत लागू पडते. माझे प्रकरण वेगळे आहे.” ऐकणाऱ्याला तो विनय वाटे.

अण्णांना आर्मी सर्व्हिस कोअर मिळाले. म्हणजे धान्य, पेट्रोल, दारूगोळा आणि ते सारे वाहून नेणाऱ्या लॉऱ्या. या शाखेची कथा-कादंबऱ्यांतून फारशी वर्णने येत नाहीत. पण आघाडीवरच्या तोफेला दर तासाला किती गोळे लागतात आणि ते गोळे कोणीतरी वेळेत तिथवर न्यावे लागतात, हे गणित ज्याने केले आहे, त्याला युद्ध निराळे दिसते. हिशेबी घरातल्या मुलाला ते काम जमले. मेसमधल्या आचाऱ्याने कुरकुरत का होईना, कांदा-लसणाशिवायची डाळ त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवण्याचे मान्य केले.

1965 साली दशलक्षण पर्व ऑगस्टच्या अखेरीस सुरू झाले. सप्टेंबरच्या पहिल्याच तारखेला पाकिस्तानने छांबमध्ये रणगाडे घुसवले आणि 6 तारखेला भारतीय सेनेने लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडली. इकडे वारणाकाठी बस्तीत तत्त्वार्थसूत्राचे अध्याय वाचले जात होते, तिकडे पंजाबात अण्णांच्या लॉऱ्या रात्रीच्या अंधारात, दिवे झाकून, भिखीविंडकडे जात होत्या. आईने पंचांगाचे पान पत्रात घालून पाठवले होते, म्हणून तिथी कळत होत्या. 8 ते 10 सप्टेंबर या तीन दिवसांत खेमकरणजवळ असल उत्तर या गावाभोवती रणगाड्यांची प्रचंड लढाई झाली. उसाच्या फडांत आपल्या तोफा आणि रणगाडे दबा धरून बसले होते. शेतांत पाणी सोडून जमीन दलदलीची केली होती. त्यात अमेरिकन बनावटीचे पॅटन रणगाडे रुतले आणि एकामागून एक बळी पडले. शत्रूचे शंभराच्या घरात रणगाडे तिथे निकामी झाले किंवा पकडले गेले. ते भिखीविंडला आणून उभे केले, तेव्हा त्या जागेला ‘पॅटननगर’ असे नावच पडले. हवालदार अब्दुल हमीद यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले ते याच लढाईतल्या पराक्रमाबद्दल. वर्तमानपत्रांतून हे सारे महाराष्ट्रात पोहोचले आणि गावाने अण्णांना वीर ठरवून टाकले.

1968 साली अण्णा कॅप्टन म्हणून सेवामुक्त झाले. अशा अधिकाऱ्यांना सरकारी नोकऱ्यांत आणि बँकांत सामावून घेतले जात होते. अण्णांना एका मोठ्या बँकेत अधिकाऱ्याची जागा मिळाली. वर्षभरातच, 19 जुलै 1969 रोजी, ज्या चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले त्यांत ती होती. लग्न मात्र थोडे रखडले. दोन घरांतून ‘लढाईवर गेलेला मुलगा’ म्हणून नकार आला. तिसऱ्या घरी मुलीचे वडील प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी एवढेच विचारले, “मुलगा रात्रीचा जेवतो का?” अण्णांचे उत्तर ‘एकदाच जेवलो’ असे होते म्हणतात, पण त्याचा अर्थ तेव्हा कोणी खोलात जाऊन विचारला नाही. काकूंनी पुढे 50हून अधिक वर्षे हा संसार हसतमुखाने केला. त्या गेल्या त्यालाही आता चार वर्षे झाली.

राष्ट्रीयीकरणानंतरची ती बँक म्हणजे आजच्या तरुणांना सांगून पटणार नाही. गावोगावी शाखा उघडायच्या होत्या. भाड्याच्या वाड्यात लाकडी काउंटर ठोकला, तिजोरी भिंतीत बसवली, पितळी टोकनांची पेटी आणि जाड लेजरे आली की झाली शाखा. तिजोरीला दोन किल्ल्या: एक मॅनेजरकडे, एक कॅशियरकडे. दोघे हजर असल्याशिवाय ती उघडायची नाही. दिवसाचा व्यवहार मिटला की बेरजा जुळवायच्या. त्या जुळल्याशिवाय कोणी घरी जायचे नाही, असा दंडक होता.

अण्णा मॅनेजर म्हणून जिथे जिथे गेले, तिथे त्यांचे एकच नाव पडले: ‘जेवलात-का साहेब’. कर्जाचा अर्ज घेऊन शेतकरी केबिनमध्ये आला की पहिला प्रश्न सातबाऱ्याचा नसे. “जेवलात का?” हाच असे. नाही म्हटले तर शिपायाला सांगून शेजारच्या खाणावळीतून पोळी-भाजी येई. पैसे अण्णांच्या खिशातून जात. मग कागद पाहिले जात आणि ते बारकाईने पाहिले जात. जेवू घातले म्हणून कर्ज मिळेल अशा समजुतीत राहिलेले कित्येकजण पोट भरून, पण रिकाम्या हाताने परत गेले. समाजातल्याच एका बड्या व्यापाऱ्याने मर्यादेबाहेर उचल मागितली, तेव्हा अण्णांनी त्याला आधी चहा-फराळ दिला आणि मग नकार दिला. त्या घरच्या दोन लग्नांची आमंत्रणे अण्णांना आली नाहीत.

एका संध्याकाळची गोष्ट त्यांच्या हाताखालचे एक कारकून अजून सांगतात. तेरा पैशांचा फरक पडत होता. सात वाजले, साडेसात वाजले. चार माणसे लेजरे उलटीपालटी करीत होती. दिवस मावळून गेल्यामुळे अण्णांचे त्या दिवसाचे जेवण चुकलेच होते. त्याची त्यांना सवय होती. वर्षअखेरीच्या दिवसांत तर हे नेहमीचेच. पण आठाच्या सुमारास त्यांनी अचानक विचारले, “शिपाई कधी जेवलाय?” शिपाई म्हणाला, “सकाळी नऊला, साहेब.” अण्णांनी पेन खाली ठेवले. फरक सस्पेन्स खात्याला टाकला, त्याखाली सही केली आणि सगळ्यांना घरी पाठवले. त्याबद्दल वरून लेखी विचारणा आली. अण्णांनी तिला लेखी उत्तर दिले. तेरा पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा मिनिटांत सापडले.

त्यांच्या नोकरीतली एक सल मात्र अखेरपर्यंत गेली नाही. 1990 साली केंद्र सरकारने 10,000 रुपयांपर्यंतची थकीत शेतीकर्जे माफ केली. त्यांच्या शाखेतल्या एका विधवेने माफी येण्याच्या थोडेच आधी कानातली फुले विकून आपले सगळे कर्ज फेडले होते. फेडा, म्हणून अण्णांनीच तिला समजावले होते. थकवणारे सुटले आणि फेडणारी कोरडी राहिली. अण्णांनी वरिष्ठ कार्यालयाला दोनदा लिहिले. नियमात बसत नाही, असे दोन्ही वेळा उत्तर आले. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. निवृत्तीनंतरही त्या बाईचा विषय निघाला की अण्णा गप्प होत. कर्जमाफीचे गुणदोष यावर त्यांना भाषण करता आले असते. त्यांनी ते कधी केले नाही.

2000 साली निवृत्त होऊन ते गावी आले. बोर्डिंगचे खजिनदारपद त्यांच्याकडे आपसूकच आले. तिथल्या हिशेबाच्या वह्यांना त्यांनी बँकेची शिस्त लावली आणि मुलांच्या पंगतीनंतर आचाऱ्याबरोबर बसून जेवायची पद्धत पाडली. समाजाच्या यात्रांमध्येही त्यांची एक रीत होती. 1981 साली श्रवणबेळगोळला सहस्राब्दीचा महामस्तकाभिषेक झाला. पुढे 1993 आणि 2006 सालीही झाला. प्रत्येक वेळी गावातून बस भरून माणसे गेली. मुक्कामाला पोहोचल्यावर सगळे दर्शनाच्या घाईत असताना अण्णा आधी गाडीतळावर जात आणि ड्रायव्हर-क्लीनरला भोजनशाळेत नेऊन बसवीत. एकदा तर या खटाटोपात त्यांची अभिषेक पाहण्याची वेळ हुकली. बरोबरच्या मंडळींना हळहळ वाटली. अण्णांना वाटली की नाही, ते कळले नाही.

ज्या गोष्टीचे हे सारे धागेदोरे होते, ती गोष्ट गावाला 2015 साली कळली. युद्धाला पन्नास वर्षे झाली होती. क्षमावाणीच्या दिवशी दुपारी, चातुर्मासासाठी गावात असलेल्या मुनिश्रींच्या सान्निध्यात अण्णांचा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, मानपत्र. एका तरुण वक्त्याने असल उत्तरचे वर्णन मोठ्या आवेशाने केले आणि अखेरीस चामुंडरायांचा उल्लेख केलाच. टाळ्या थांबल्यावर पंच्याहत्तरीचे अण्णा उभे राहिले. त्यांच्या हातात कागद नव्हता.

ते म्हणाले, “मी शत्रूवर एकही गोळी झाडलेली नाही. पण मी जे तोफगोळे मोजून पाठवले, ते कुठे पडले हे मला ठाऊक आहे. ते माझ्या वहीत आहेत. त्याची क्षमा मी दर वर्षी मागतो. ती विरोधी हिंसा होती, असे शास्त्र सांगते आणि मी ते मानतो. त्याने माझी झोप मोडत नाही. माझी झोप मोडते ती दुसऱ्या कारणाने.”

मग त्यांनी एका ड्रायव्हरची हकिकत सांगितली. तो सातारा जिल्ह्यातला, माण तालुक्यातला. अण्णांपेक्षा दहा वर्षांनी मोठा. तुकडीत मराठी बोलणारे दोघेच, म्हणून तो यांना ‘धाकलं सायब’ म्हणे. अण्णांचे पाणी गाळायचे फडके त्याने लॉरीच्या खणात कागदात गुंडाळून जपले होते. धर्माचे तपशील त्याला ठाऊक नव्हते, पण साहेब काय खातो आणि काय खात नाही, हे तो कधी विसरला नाही.

लढाई ऐन रंगात असताना अनंत चतुर्दशी आली. अण्णांनी निर्जल उपवास धरला. तोफखान्याकडून गोळ्यांची मागणी सारखी येत होती. लंगरची गाडी मागे कुठेतरी अडकली होती. दोन रात्री जागून नुकताच परतलेला तो ड्रायव्हर समोर उभा होता आणि दुसरा कोणी मोकळा नव्हता. अण्णांनी त्याला पुन्हा निघायला सांगितले. लॉरी सुरू करताना तो म्हणाला, “धाकलं सायब, आज तुमचा उपास हाय न्हवं? उन्हात फिरू नगा.” तासाभरात सेबर विमानांनी त्या रस्त्यावर हल्ला केला. गोळ्यांनी भरलेली लॉरी होती. मागे काही उरले नाही.

“युद्धात माणसे मरतात,” अण्णा म्हणाले. “तो हुकूम मी आजही देईन. गोळे पोहोचायला हवे होते. तीन वर्षे मी स्वतःला हेच सांगत होतो.”

सेवामुक्त झाल्यावर, बँकेत रुजू होण्याआधी ते त्या ड्रायव्हरच्या गावी गेले. आधी धीर झाला नव्हता. म्हसवडहून पुढची एसटी उशिरा सुटली आणि ते पोहोचले तेव्हा अंधार पडला होता. दोन खणांचे घर. ड्रायव्हरची म्हातारी आई, बायको आणि सहा-सात वर्षांचा मुलगा. काय बोलायचे ते अण्णांनी वाटेत जुळवून ठेवले होते: देशासाठी दिलेले बलिदान, तुकडीला वाटणारा अभिमान, पेन्शनचे कागद. बाईंनी ते सगळे ऐकून घेतले. मग त्यांनी एकच विचारले.

“त्ये जेवून गेलं व्हतं का, सायब?”

अण्णांना उत्तर देता आले नाही, कारण त्यांना ते माहीत नव्हते. शेकडो माणसांच्या शिध्याचा हिशेब ज्यांच्या सहीने चाले, त्या अधिकाऱ्याला समोरचा माणूस जेवला आहे की नाही, हे ठाऊक नव्हते. त्यांनी विचारलेच नव्हते. “का विचारले नाही, याचा मी पुष्कळ विचार केला,” ते म्हणाले. “मी निर्दय नव्हतो. माझा उपवास होता. माझ्या मनातून त्या दिवशी अन्नच गेले होते. भूक जिंकल्याचा मला आनंद होता. त्या आनंदात समोरच्या माणसाला भूक असते, हे मी विसरलो. आणि तो मात्र माझा उपास लक्षात ठेवून गेला.”

सभेत पूर्ण शांतता होती. अण्णा पुढे म्हणाले की तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या करताना आचार्यांनी प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, पहिले स्थान दिले आहे. दर दशलक्षणात सातव्या दिवशी ते हे ऐकतात. ऐकताना त्यांना असल उत्तरचे रणगाडे आठवत नाहीत, एक लॉरी आठवते. “त्या वर्षापासून मी या तिथीला उपवास करीत नाही. पोटात अन्न असले म्हणजे दुसऱ्याच्या पोटाची आठवण राहते, एवढेच. तुम्ही सगळे करता, ते योग्यच आहे. मला मात्र तो झेपला नाही.”

इथे ते थांबतील असे वाटले होते. आयोजकांपैकी कोणी आभार मानण्यासाठी उठूही लागले. अण्णांनी हाताने त्यांना बसवले.

“एक गोष्ट राहिली आहे आणि ती मुनिश्रींच्या समोर सांगायला हवी. त्या रात्री बाईंनी माझ्यापुढे ताट ठेवले. बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी. ‘वाटनं आलायसा, जेवून घ्या,’ म्हणाल्या. दिवस कधीच मावळला होता. कुंथलगिरीवर घेतलेला माझा नियम तेरा वर्षांचा होता. लढाईतसुद्धा तो मोडला नव्हता. मी जेवलो. दोन भाकरी खाल्ल्या. नियम मोडला की गुरूंजवळ सांगून प्रायश्चित्त घ्यावे, हे मला माहीत आहे. त्या जेवणाचे प्रायश्चित्त मी अजून घेतलेले नाही, आणि घेण्याची माझी इच्छा होत नाही. आज क्षमावाणी आहे. तेवढ्याबद्दल सर्वांनी मला क्षमा करावी.”

ते हात जोडून मुनिश्रींकडे वळले. मुनिश्री बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी पिंछी उचलून आशीर्वाद दिला. शब्द काही उच्चारला नाही. त्याचा अर्थ काय घ्यायचा, यावर गावात नंतर पुष्कळ दिवस चर्चा झाली. दोन जुन्या श्रावकांचे त्यावरून आजही एकमत नाही.

बाहेर मंडपात पंगतीची पाने मांडून झाली होती. दिवस मावळायला तासभर अवकाश होता आणि त्याआधी सगळ्यांची जेवणे उरकायची होती, म्हणून माणसे लगबगीने उठली. एकमेकांना क्षमा मागण्याचा, पाया पडण्याचा गलका सुरू झाला. अण्णांनी अंगावरची शाल काढून घडी घातली, ती खुर्चीवर ठेवली आणि बाजूच्या दाराने ते बाहेर पडले. पाहुणे घेऊन आलेल्या सहा-सात जीपा वडाखाली उभ्या होत्या, तिकडे.